चौकशी अहवाल ग्रुपवर फुटला, तर बदनामीचा दावा कोणावर होतो?

नोकरीच्या ठिकाणी एखाद्यावर आरोप होतो, चौकशी बसते, समिती अहवाल देते. कर्मचारी राजीनामा देतो, त्याचे कंत्राट संपते किंवा त्याला बडतर्फ केले जाते. कार्यालयापुरते प्रकरण संपलेले असते. मग काही महिन्यांनी त्या अहवालाच्या दोन पानांचे फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, खाली कोणीतरी एक जहाल ओळ लिहिते आणि संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरतात. आता तो माजी कर्मचारी म्हणतो, 'माझी बदनामी झाली, मी दावा ठोकणार.' हा दावा टिकतो का? टिकला तर कोणावर? संस्थेवर, तक्रार करणाऱ्यावर, कागद फोडणाऱ्यावर, की 'फॉरवर्ड'चे बटण दाबणाऱ्यावर?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत हा प्रश्न मोठ्या शहरापेक्षा जास्त टोचतो. इथल्या नोकऱ्या मोजक्या ठिकाणी आहेत: आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रे, पंचायत समिती, वन विभाग आणि काही सामाजिक संस्था. मुंबईत 'एका शाळेतील अधीक्षक' म्हटले तर कोणालाच काही कळत नाही. इथे शाळेचे नाव घेतले की अधीक्षक कोण, त्याचे घर कुठले आणि त्याची मुले कुठे शिकतात हे ऐकणाऱ्याला माहीत असते. दुसरीकडे, तक्रार करणारी बाईही त्याच गावात, त्याच एसटीने जाणारी असते. म्हणून फुटलेल्या कागदाने कोणाचे किती नुकसान होते आणि कायदा कोणाला किती आधार देतो, हे दोन्ही बाजूंनी समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

अहवाल फुटला म्हणजे बदनामी झालीच, असे नाही. अहवाल खरा आहे म्हणजे तो कोणीही कुठेही टाकावा, असेही नाही. गोपनीयता मोडणे हा एक प्रश्न आहे आणि बदनामी हा दुसरा. बदनामीच्या बाबतीत कायदा मुख्यतः तीन गोष्टी पाहतो: मजकूर काय होता, तो कोणाकडे गेला आणि कोणत्या हेतूने गेला. तोच कागद तक्रार समितीकडून वरिष्ठांकडे गेला तर त्याला संरक्षण आहे. तोच कागद 'बघा याचे प्रताप' असे लिहून पाचशे जणांच्या ग्रुपवर गेला तर ते संरक्षण बहुधा सुटते.

चौकशीचा निष्कर्ष म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची विभागीय चौकशी 'महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९' नुसार होते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वेगळे शिस्त व अपील नियम आहेत. खासगी संस्थेत तिचे सेवानियम लागू होतात. या सगळ्या चौकशांत पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. 'संशयापलीकडे सिद्ध' होण्याची गरज नसते. आरोप खरा असण्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरते. त्यामुळे चौकशीत दोषी ठरलेला माणूस फौजदारी न्यायालयात निर्दोष सुटू शकतो आणि अशी कित्येक प्रकरणे झाली आहेत.

शिवाय चौकशीचा निष्कर्ष पुढे बदलूही शकतो. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी आल्या. समितीने त्याला दोषी ठरवले, नोकरी गेली, मुंबई उच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये त्याची याचिका फेटाळली. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. चौकशी इतक्या घाईने उरकली होती की त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधीच मिळाली नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रकरण नव्याने चौकशीसाठी समितीकडे परत पाठवले. आरोप खोटे होते, असे न्यायालयाने म्हटले नाही. चौकशीची रीत चुकली, एवढेच म्हटले. ज्याच्या हातात २००९ चा अहवाल असेल, त्याच्याकडे 'सिद्ध झालेला गुन्हा' नव्हता. त्याच्याकडे एका टप्प्यावरचे मत होते.

ग्रुपवर मजकूर टाकणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. 'समितीने अमुक ठपका ठेवला' हे एक विधान झाले. 'हा गुन्हेगार आहे' हे वेगळे आणि बरेच जड विधान आहे.

बदनामीचे दोन रस्ते

भारतात बदनामीविरुद्ध फौजदारी आणि दिवाणी अशा दोन्ही रस्त्यांनी जाता येते आणि दोन्ही एकाच वेळी धरता येतात.

फौजदारी रस्ता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधून जातो. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ आणि ५०० लागू होतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत सामुदायिक सेवेचाही पर्याय आला आहे. हे कलम घटनाबाह्य आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात न्यायालयाने ते कायम ठेवले.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. लोक थेट पोलीस ठाण्यात जातात आणि 'एफआयआर घ्या' म्हणतात. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस एनसी नोंदवतील, पण खटला चालवायचा तर ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार दाखल करावी लागते. जव्हारला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय आहे. या परिसरातील माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार न्यायदंडाधिकारी दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणे मांडण्याची संधी देतात. गुन्हा जामीनपात्र आहे आणि दोघांचे पटले तर तो आपसात मिटवताही येतो.

दिवाणी रस्ता नुकसानभरपाईचा आणि मनाई हुकमाचा. यासाठी वेगळा कायदा नाही. न्यायालयांच्या निकालांतून तो घडला आहे. ज्या ठिकाणी बदनामी झाली तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो अथवा काम करतो तिथे दावा लावता येतो. म्हणजे मजकूर नाशिकहून टाकला आणि तो मोखाड्यात वाचला गेला, तर दोन्हीकडचा पर्याय खुला राहतो.

मुदतीचा भाग महत्त्वाचा आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार लेखी बदनामीचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. फौजदारी तक्रारीसाठी तीन वर्षे मिळतात. 'आधी नोकरीचा निकाल लागू दे, मग बघू' म्हणत बसलेल्या अनेकांचे ते एक वर्ष हातातून निघून जाते.

कागद योग्य हातात असेपर्यंत: अमरावतीचा खटला

तक्रार केली म्हणून सहकाऱ्यांवर बदनामीचा खटला भरता येतो का? याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मिळते. अमरावतीच्या कोषागारातील काही कर्मचाऱ्यांनी कोषागार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली, की एक सहकारी दारूच्या नशेत कार्यालयात आला आणि त्याने अधिकाऱ्यांना शिवीगाळ केली. त्या सहकाऱ्याने तक्रार करणाऱ्यांवरच बदनामीचा खटला भरला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपींना समन्सही काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९९ मध्ये न्यायालयाने तो खटला रद्द केला. त्या तक्रारीवरून विभागीय चौकशी झाली होती आणि त्या कर्मचाऱ्याला दोषी ठरवले गेले होते, याचीही दखल न्यायालयाने घेतली.

कारण साधे होते. बदनामीच्या कलमाला दहा अपवाद आहेत. आठवा अपवाद सांगतो, की ज्याला त्या बाबतीत कायदेशीर अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नव्हे. सातवा अपवाद वरिष्ठाने आपल्या अधिकारात हाताखालच्या माणसाला दिलेल्या ठपक्याला संरक्षण देतो. नववा अपवाद स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक हिताच्या रक्षणासाठी केलेल्या विधानाला लागू होतो. म्हणून समितीचे सदस्य, साक्षीदार, अहवालावर सही करणारा अधिकारी आणि बडतर्फीचा आदेश काढणारी संस्था यांच्यावर निव्वळ अहवालातील मजकुरासाठी दावा टिकवणे अवघड असते.

मात्र 'सद्भावना' या शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ आहे. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे मानले जात नाही. मन साफ होते एवढे सांगून भागत नाही. खातरजमा काय केली, ते दाखवावे लागते.

कागद फुटल्यावर

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संस्थेच्या वसतिगृहात धान्याच्या नोंदींत तफावत सापडली. चौकशी समितीने लिहिले, 'भांडारपालाने नोंदवही वेळेवर भरली नाही. देखरेखीत हलगर्जीपणा झाला.' भांडारपालाचे कंत्राट पुढे वाढवले नाही. तीन महिन्यांनी या अहवालाचे शेवटचे पान ग्रुपवर आले. त्यावर ओळ होती, 'पोरांच्या तोंडचा घास खाणारा चोर सापडला.'

अहवाल खरा आहे, सही खरी आहे. पण अहवालात 'चोर' हा शब्दच नाही. हलगर्जीपणाला चोरी म्हणणाऱ्याने अहवाल पसरवलेला नाही. त्याने स्वतःचा नवा आरोप केला आहे आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. फुटलेल्या अहवालांच्या वादात मूळ कागदापेक्षा त्यावर चिकटवलेली ओळच जास्त वेळा गळ्याशी येते.

या साखळीत कोणाकोणाची किती जबाबदारी?

कागद फोडणारा: तो संस्थेतला असेल तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाला पात्र ठरतो. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांनी अनधिकृतपणे कागदपत्रे बाहेर देण्यास मनाई आहे. आठव्या अपवादाचे संरक्षणही त्याला मिळणे कठीण, कारण गावाचा ग्रुप म्हणजे तक्रार ऐकण्याचा अधिकार असलेली व्यक्ती नव्हे.

संस्था: संस्थेने स्वतः अहवाल पसरवला नसेल आणि एखाद्याने लपूनछपून फोटो काढला असेल, तर केवळ तेवढ्यावर संस्थेला बदनामीत ओढणे सोपे नाही. पण 'सर्व कर्मचाऱ्यांच्या माहितीसाठी' म्हणून अहवाल गरज नसलेल्या शंभर जणांना मेल केला असेल, तर प्रश्न वेगळा होतो.

पुढे पाठवणारा: 'मी लिहिले नाही, फक्त फॉरवर्ड केले' हा बचाव भक्कम नाही. अभिनेते आणि राजकारणी एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांविषयीचा दुसऱ्याने लिहिलेला मजकूर फेसबुकवर टाकला होता. नंतर तो काढून माफीही मागितली. तरी १४ जुलै २०२३ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द करण्यास नकार दिला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही.

ग्रुप अ‍ॅडमिन: याबाबत आपल्याच राज्यातला निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. दोघांचा समान हेतू होता हे दाखवावे लागते.

नाव न घेता लिहिले तरी सुटका होत नाही. वाचणाऱ्यांना माणूस ओळखता आला की पुरे. एकच आरोग्य केंद्र आणि त्यात एकच औषधनिर्माता असलेल्या ठिकाणी हुद्दा लिहिणे म्हणजे नाव लिहिणेच आहे.

'पण ते खरेच होते' हा बचाव

दिवाणी दाव्यात विधान खरे असल्याचे सिद्ध झाले, तर बहुतेक वेळा तेवढे पुरते. फौजदारी खटल्यात ते पुरत नाही. पहिल्या अपवादानुसार विधान खरे असले पाहिजे आणि ते लोकहितासाठी सांगणे आवश्यक असले पाहिजे. सार्वजनिक पैशाचा, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचा किंवा रुग्णांच्या जिवाचा प्रश्न असेल तर लोकहित दाखवता येते. एखाद्याच्या जुन्या रजेच्या भांडणाचा कागद तो दुसरीकडे नोकरीला लागल्यावर मुद्दाम तिथल्या ग्रुपवर टाकला, तर लोकहित शोधून सापडणार नाही.

आणखी एक बारकावा आहे. न्यायालयाच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त देणाऱ्याला चौथ्या अपवादाचे संरक्षण आहे. बंद खोलीत झालेल्या कार्यालयीन चौकशीच्या वृत्तान्ताला ते आपोआप मिळत नाही.

सरकारी पदावरील व्यक्तीच्या कामावर टीका करण्याची मुभा मात्र रुंद आहे. १९९४ च्या 'ऑटो शंकर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या पदाच्या कर्तव्याशी संबंधित मजकुरासाठी नुकसानभरपाई सहजी मिळणार नाही. मजकूर खोटा होता आणि सत्याची पर्वा न करता छापला, हे त्याला दाखवावे लागेल. त्याच्या घरगुती आयुष्याला मात्र ही मोकळीक लागू नाही.

लैंगिक छळाची चौकशी असेल तर

इथे नियम जास्त कडक आहेत. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ च्या कलम १६ नुसार तक्रारीतील मजकूर, पीडित महिला, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीचे कामकाज, समितीच्या शिफारशी आणि झालेली कारवाई यांपैकी काहीही लोकांपर्यंत किंवा माध्यमांपर्यंत पोहोचवता येत नाही. माहिती माहिती अधिकारातही देता येत नाही. न्याय मिळाला एवढे सांगता येते, पण कोणाची ओळख पटेल असा तपशील न देता. ज्यांच्याकडे हे प्रकरण हाताळण्याची जबाबदारी होती त्यांनी गुप्तता मोडली, तर सेवानियमांनुसार कारवाई होते. तसे नियम नसतील तर ५,००० रुपये वसूल करण्याची तरतूद आहे.

गुप्ततेचे हे कुंपण दोघांसाठी आहे. आरोपीची ओळखही झाकलेली आहे, म्हणून फुटलेल्या अहवालाविरुद्ध माजी कर्मचारी कलम १६ चा आधार घेऊ शकतो. पण त्याच कलमाने त्यालाही बांधले आहे. स्वतःचा बचाव म्हणून तक्रारदार महिलेचे नाव आणि तिचा जबाब ग्रुपवर टाकण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. २४ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अशा एका प्रकरणात पक्षकारांची नावे आद्याक्षरांनी लिहिण्याचे आणि सुनावणी बंद दालनात घेण्याचे आदेश दिले, त्यामागेही हाच विचार होता.

तक्रारीचा पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. कलम १४ तसे स्पष्ट सांगते. जाणूनबुजून खोटी तक्रार केली हे चौकशीत ठरावे लागते.

दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ग्रामीण आणि आदिवासी भागात प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमून त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावी, अशी तरतूद कलम ६ मध्ये आहे. मोखाड्यातील महिलेला पालघरपर्यंतचा लांबचा रस्ता तुडवावा लागू नये, म्हणून ही तरतूद कामाची आहे. चौकशी ९० दिवसांत आणि त्यानंतर अहवाल १० दिवसांत द्यायचा असतो. अहवालाविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येते.

पीडित व्यक्ती अल्पवयीन विद्यार्थी असेल, तर पोक्सो कायदा लागू होतो. मुलाची ओळख उघड करणाऱ्याला कलम २३ नुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आश्रमशाळेच्या अहवालाचे पान 'लोकांना कळावे' म्हणून टाकणाऱ्याच्या हातून मुलीचे नाव किंवा वर्ग बाहेर गेला, तर चांगल्या हेतूने त्याची सुटका होत नाही. असे काही कळले तर पोलिसांना सांगणे हे कर्तव्य आहे. ग्रुपवर टाकणे हा त्याचा पर्याय नाही.

स्वतःचा अनुभव सांगणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पत्रकार प्रिया रमाणी यांनी १९९३ मध्ये मुंबईतील हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीवेळी आलेल्या अनुभवाबद्दल २०१८ मध्ये एम. जे. अकबर यांचे नाव घेतले. अकबर यांनी फौजदारी बदनामीचा खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष ठरवले आणि महिलेला आपली व्यथा अनेक वर्षांनीही मांडता येते, असे म्हटले. अकबर यांनी त्याविरुद्ध अपील केले. या प्रकरणात फुटलेला अहवाल नव्हता. जिच्यावर प्रसंग गुदरला तिनेच तो सांगितला होता.

माहिती अधिकारात अहवाल मागता येतो का?

अकोल्यातील भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाच्या एका अधिकाऱ्याला मिळालेल्या कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश एका अर्जदाराने माहिती अधिकारात मागितले. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'गिरीश देशपांडे' या नावाने गाजलेल्या निकालात म्हटले, की कर्मचाऱ्याची सेवेतील कामगिरी हा मुख्यतः कर्मचारी आणि नियोक्ता यांच्यातला विषय आहे. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ही माहिती मिळणार नाही. कलम ८(१)(ञ) २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणखी आवळले आहे. कलम ८(२) मधील जनहिताची वाट मात्र शिल्लक आहे. या वाटेने अधिकृतपणे मिळालेला कागद आणि कपाटातून पळवलेला कागद यांत न्यायालयासमोर बराच फरक पडतो.

मोठ्या कंपन्यांतही हेच भांडण

टाटा सन्सने १० नोव्हेंबर २०१६ रोजी नुस्ली वाडिया यांना संचालकपदावरून काढण्यासाठी समूहातील कंपन्यांना विशेष नोटीस पाठवली. नोटिशीतील मजकुराने बदनामी झाली, असे म्हणत वाडिया यांनी मुंबईत रतन टाटा आणि इतरांवर फौजदारी तक्रार केली, शिवाय ३,००० कोटी रुपयांचा दिवाणी दावाही लावला. वाडिया नोकरदार नव्हते, स्वतंत्र संचालक होते. पण पदावरून काढताना लिहिलेल्या कारणांनी बदनामी होते का, हा प्रश्न तोच होता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये समन्स काढले, मुंबई उच्च न्यायालयाने २२ जुलै २०१९ रोजी ते रद्द केले. १३ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात टाटांनी बदनामीचा हेतू नव्हता असे सांगितल्यावर वाडिया यांनी सर्व खटले मागे घेतले. तीन वर्षे आणि नामवंत वकिलांची फौज खर्ची पडल्यावर हाती आले ते एका वाक्याचे स्पष्टीकरण. ज्याला महिन्याचे मानधनही उशिरा मिळते, त्याने दावा लावण्याआधी हा हिशेब मांडलेला बरा.

तुम्ही माजी कर्मचारी असाल तर

पुरावा आधी जपा. स्क्रीनशॉटमध्ये ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मूळ संदेश फोनमधून पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत न्यायालयात प्रमाणपत्र जोडावे लागते.

मग दोन प्रश्न वेगळे करा. अहवालच चुकीचा आहे, की अहवालाची माहिती पसरवण्याची रीत चुकीची आहे? अहवाल चुकीचा असेल तर बदनामीच्या दाव्याने तो रद्द होत नाही. त्यासाठी विभागीय अपील, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, कामगारांसाठी कामगार न्यायालय किंवा उच्च न्यायालय असे मार्ग आहेत. पसरवण्याची रीत चुकीची असेल, तर संस्थेकडे लेखी तक्रार करून कागद कोणी फोडला याची चौकशी मागा, मजकूर टाकणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस द्या आणि तो काढून माफी मागण्यास सांगा. बरीच प्रकरणे इथेच मिटतात.

न्यायालय लगेच मजकूर काढायला लावेल, अशी खात्री धरू नका. २२ मार्च २०२४ रोजी ब्लूमबर्ग आणि झी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खटला चालण्याआधीच लेखावर बंदी घालण्याचे आदेश यांत्रिकपणे देऊ नयेत. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

तुमच्या फोनवर असा अहवाल आला तर

पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा: यात कोणा मुलाची किंवा महिलेची ओळख उघड होते का? अहवालात जे लिहिले आहे तेच वरच्या ओळीत लिहिले आहे का? हे ज्याला कळायला हवे त्याच्याकडे मी पाठवतो आहे, की फक्त ज्याला चघळायला आवडेल त्याच्याकडे? गैरप्रकार खरेच दडपला जात असेल, तर लेखी तक्रार गटविकास अधिकारी, प्रकल्प अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करा आणि पोच घ्या. अमरावतीच्या कर्मचाऱ्यांना कायद्याने वाचवले, कारण त्यांनी जे सांगायचे ते ऐकण्याचा अधिकार असलेल्या माणसाला लेखी सांगितले. तीच तक्रार त्यांनी चावडीवर वाचून दाखवली असती, तर आठवा अपवाद त्यांच्या मदतीला आला नसता.